उजवीकडून डावीकडे

आमच्या शेडमध्ये एक टेबल आहे. त्याचा वरचा पांढरा फळा नारायणगावातल्या एका बंद पडलेल्या मोबाईलच्या दुकानाच्या काउंटरचा. रिचार्जचा स्टिकर जिथे होता तिथे अजून एक चिकट चौकोन आहे आणि त्यावर भुसा बसतो. फळ्याच्या मधोमध अॅल्युमिनियमची प्लेट आहे, प्लेटला गोल भोक आहे, आणि त्या भोकातून बोटाएवढं पातं वर येतं. खाली लाकडाला गोलाई पाडणारं राऊटर मशीन उलटं टांगलेलं आहे.

हे टेबल मी आणि पप्पांनी केलं. त्यात माझं किती आणि त्यांचं किती, याच्या मी बरेच दिवस मनात वाटण्या करत बसायचे. आता बसत नाही.

पप्पा सुतार. वारूळवाडीत आमचं घर आहे आणि घराला लागून पत्र्याची शेड. दारं, चौकटी, देव्हारे, लग्नातले पाट, सगळं ते करायचे. दोन वर्षांपूर्वी मंचरला एका घरात चौकट बसवताना ते स्टुलावरून पडले आणि उजवा खांदा गेला. हाड सांधलं, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि वजन पेलेना. जेवायला, चहाचा कप धरायला तो हात चालायचा. रंधा मारायला चालत नव्हता.

रंध्याचं काम मशीनवर भागत होतं. अडचण राऊटरची होती. दाराच्या पॅनलला, बिडिंगच्या पट्टीला जी गोलाई असते ती राऊटर पाडतो. तो दोन मुठींनी दोन्ही हातांत घट्ट धरून लाकडावरून चालवायचा असतो. पप्पांनी तो खांद्यानंतर दोनदा चालवला. दोन्ही वेळेला मशीन उजव्या बाजूला कललं आणि लाकडाला खड्डा पडला. दुसऱ्या वेळचं लाकूड गिऱ्हाइकाचं होतं. तेव्हापासून गोलाईचं काम आलं की ते म्हणायचे, "सध्या नाय जमायचं, पावणं." आणि आजकाल गोलाई नसलेलं दार कुणाला नको असतं.

घोडेगावच्या रस्त्याला एका गोदामावर वॉचमन हवा होता. कुणीतरी पप्पांना सांगून गेलं. त्यांनी त्या माणसाला चहा पाजला आणि तो गेल्यावर सगळ्या पटाशा काढून धार लावत बसले. एकाही पटाशीला धारेची गरज नव्हती.

मी तेव्हा एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाईप करायला जात होते. मी इंग्रजी शाळेत शिकले. पप्पांनी हट्टाने घातलं होतं. शाळेत मी फार बोलले नाही, घरीही नाही. लहानपणी गिऱ्हाईक आलं की मी लाकडाच्या थप्पीमागे जाऊन बसायचे आणि तिथून सगळं ऐकायचे. शेडमधलं बरंच काम मला नुसतं बघून माहीत होतं. हातात घेऊन कधी केलं नव्हतं.

राऊटरच्या खोक्यात एक पुस्तिका होती, सगळी इंग्रजीत. खोकं आलं तेव्हा पप्पांनी ती सरळ माझ्याकडे दिली होती आणि मी ती कपाटात ठेवली होती. एका रविवारी ती काढून वाचली. मागच्या पानांत टेबलाचं चित्र होतं. मशीन उलटं करून टेबलाखाली पक्कं करायचं. मग मशीन हलत नाही, लाकूड हलवायचं. पेलायचं काहीच नाही.

मी ते पान पप्पांसमोर धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे मशीन टांगायचं?"

"हो. आणि लाकूड वरून सरकवायचं."

"एका हातानं बी सरकंल?"

"सरकेल."

"मग आदी का नाय वाचलंस?"

ते चेष्टेत म्हणाले होते. मला मात्र ते लागलं, कारण खरंच मी आधी वाचलं नव्हतं.

त्या कामाला आम्हाला तीन आठवडे लागले. संध्याकाळी लॅबमधून आले की आम्ही बसायचो. आधी मशीनच्या बुडाची काळी प्लास्टिकची चकती काढली. ती तीन स्क्रूंवर असते. चकती प्लेटवर ठेवून तिची भोकं खुणेनं उतरवली. प्लेट फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आणली होती. भोकं मी पाडली. पप्पा डाव्या हाताने ड्रिल धरायला तयार होते, पण मला म्हणाले, "तूच पाड. माजा हात वाकडा जायचा." मी पहिल्यांदा ड्रिल हातात घेतलं ते असं. स्क्रूचं डोकं प्लेटच्या खाली बुडालं पाहिजे, वर राहिलं तर लाकूड अडकेल, म्हणून भोकांची तोंडं रुंद केली. मग मूळ स्क्रू आखूड पडले, कारण प्लेट चकतीपेक्षा जाड होती. लांब स्क्रूसाठी नारायणगावात चार हार्डवेअरची दुकानं फिरले. चौथ्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "कशाला पायजे?" मी "मशीनला" म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला सगळं नीट सांगता आलं असतं. अनोळखी माणसाला मला सांगावंसं वाटत नाही, एवढंच.

फळ्यात प्लेटच्या मापाची खाच पप्पांनी पाडली. डाव्या हातात पटाशी, उजव्या हातात लहान हातोडी, कोपर पोटाला टेकवून. दोन संध्याकाळी लागल्या. मग प्लेट त्यात बसवली. चारी कोपऱ्यांत खाली बारीक स्क्रू ठेवले होते, ते फिरवून प्लेट वर-खाली करता येत होती. प्लेट आणि फळा एका पातळीत आले की नाही, ते पप्पा डाव्या अंगठ्याच्या नखाने तपासायचे. नख फळ्यावरून प्लेटवर सरकवायचं.

"अडाकलं. नापास," म्हणायचे. मी खालचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचे. "अजून नापास." शेवटी नख सरळ गेलं तेव्हा ते म्हणाले, "आता माशी चालली तरी तिला कळणार नाय कुठं फळी संपली."

मशीन टांगलं तेव्हा सगळंच उलटं झालं. जो खटका दाबून आधी पातं खाली जायचं, तो दाबून आता वर यायचं. पप्पा हसून म्हणाले, "वर म्हंजे खाली आन खाली म्हंजे वर. तुज्या आईच्या म्हायेरासारखं झालं." आई आतून म्हणाली, "ऐकू येतंय मला!" मला त्या संध्याकाळचं हसणं आठवतं. पडल्यापासून ते इतकं हसले नव्हते.

मला एकाच गोष्टीची भीती होती. मशीनचा खटका चालू ठेवून अडकवावा लागतो, कारण ते टेबलाखाली असतं. आमच्याकडे लाईट केव्हाही जाते आणि केव्हाही येते. पप्पा पातं बदलत असताना लाईट आली तर? म्हणून मी हट्टाने वेगळा स्विच आणला. विहिरीच्या पंपाच्या स्टार्टरसारखा तो लाईट गेली की आपोआप पडतो आणि परत दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. तो मी टेबलाच्या उजव्या पायावर बसवला. लाकूड ढकलायला काठीपण केली. हात पात्याच्या जवळ जायला नको म्हणून. पप्पांनी तिला "पोराटोरांची काठी" म्हणून खिळ्याला टांगून ठेवलं.

सगळं झालं तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी पूजा करून पहिली पट्टी काढायची ठरलं. त्या संध्याकाळी मी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली.

शेवटून दुसऱ्या पानावर चित्र होतं. वरून पाहिलेलं टेबल, मध्ये पातं, पात्याभोवती बाण. हातात धरलेला राऊटर लाकडाच्या कडेने डावीकडून उजवीकडे न्यायचा असतो. पप्पा इतकी वर्षं तसंच नेत होते. टेबलाखाली मशीन उलटं होतं म्हणून पातं वरून पाहिलं तर उलटं फिरतं, आणि लाकूड उजवीकडून डावीकडे घालायचं असतं. नेहमीच्या दिशेने घातलं तर पातं लाकडाला अडवत नाही, ओढतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की लाकूड हातातून खेचलं जाईल आणि हात पात्यावर जाईल.

मी आणखी एक गोष्ट पाहिली. उजवीकडून लाकूड ढकलायचं म्हणजे उजव्या हाताने ढकलायचं. पप्पांचा उजवा हात तर गेलेला. आम्ही तीन आठवडे त्यांच्या चांगल्या हातासाठी टेबल केलं आणि ते त्यांच्या खराब हाताचं निघालं.

पप्पा बाहेर ओट्यावर बसले होते. आईला सांगत होते की शिनोलीच्या पाहुण्यांचं दार झालं की डिंभ्याच्या माणसाला निरोप पाठवायचा, त्याने दोनदा विचारलं होतं. मी दारापर्यंत गेले. त्यांचा आवाज ऐकला. परत आत आले आणि पुस्तिका मिटून ठेवली. उद्या सकाळी सुरू करायच्या आधी सांगू, असं ठरवलं.

शिनोलीचे पाहुणे म्हणजे साठीचे एक शेतकरी. ओळखीमुळे मी त्यांना काका म्हणायचे. ते घर बांधत होते आणि पुढच्या दारासाठी त्यांनी आपल्या विहिरीजवळचं सागाचं झाड तोडलं होतं. झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं. भाऊ नको म्हणत होते, तरी त्यांनी तोडलं. लाकूड चिरून आमच्याकडे महिनाभर पडून होतं. दुसऱ्या कुणाकडे न्यायला ते तयार नव्हते. "मिस्तरीचा हात पायजे दाराला," म्हणायचे.

रविवारी सकाळी आठलाच ते मोटारसायकलवर आले. मी तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. मी शेडमध्ये आले तेव्हा काका टेबलाभोवती फिरून बघत होते.

"राव, ह्ये काय, कॅरम बोर्ड केला व्हय?"

"बसा वो पावणं. आता बघा गंमत," पप्पा म्हणाले.

"आन ही छडी कुणाची? मास्तर ठेवलाय का?" त्यांनी खिळ्यावरची काठी काढून हवेत फिरवली.

"पोरीनं करायला लावली. पुस्तकात लिवलंय."

"मग वस्ताद कोन ह्या शेडात? तुमी का पोरगी?"

"ती वाचती, मी करतो," पप्पा म्हणाले आणि दोघं हसले. आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली होती, तीपण हसली. काकांनी हातातली काठी परत टांगेपर्यंत मी तिथेच भिंतीला लागून उभी होते.

आता सांगायचं होतं. "पप्पा, एक मिनिट." तीन शब्द. पण त्यांच्या तीस वर्षांच्या हाताला मी गिऱ्हाइकासमोर सांगणार, की उलटं धरा. ते "हो का" म्हणतील, काका काहीतरी बोलतील, पप्पा हसतील आणि त्या हसण्यात काय असेल ते मला दिसत होतं. मी आईकडे बघितलं. ती मशीनला कुंकू लावत होती.

आणि आमच्या घरात एक नियम होता. काम सुरू करणाऱ्याला टोकायचं नाही. माणूस बाहेर निघाला की कुठे निघालास विचारू नये, तसाच हा. पण आमच्याकडे त्याला कारणही होतं. मी लहान असताना आईने मागून चहाला हाक मारली, पप्पांनी करवतीच्या मशीनवरून मान वळवली आणि बोटाचं मांस गेलं. तेव्हापासून शेडमध्ये हाक बंद. चहा झाला की कप त्यांच्या समोर फळीवर नेऊन ठेवायचा, त्यांना दिसेल असा. मी तो नियम कधी मोडला नव्हता. माझ्यासारखीला तो मोडायची गरजही पडत नाही.

आईने नारळ फोडला. पाणी प्लेटवर पडू नये म्हणून पप्पांनी मध्ये हात धरला. मी उजव्या पायाशी स्विचवर बोट ठेवून बसले होते. तो माझा स्विच होता. पप्पांनी काकांच्या सागाची पट्टी डाव्या हातात घेतली.

"दाब," म्हणाले.

मी दाबला.

पट्टी त्यांच्या डाव्या हातात आहे हे मला दिसत होतं. मला वाटलं ते तिला उजव्या बाजूला घेतील. खरंच वाटलं, की नंतर मी तसं ठरवलं, हे आता मला सांगता येत नाही. मशीन ओरडायला लागलं. त्यांनी पट्टी टेबलावरच्या आधाराच्या आडव्या फळीला टेकवली, डाव्या बाजूने, जशी ते नेहमी टेकवायचे. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. माझं बोट स्विचवरच होतं आणि त्या बोटालाही मी काही सांगितलं नाही.

पट्टी गेली. बंदुकीसारखा आवाज झाला आणि ती पलीकडच्या पत्र्यावर आदळली. पप्पांचा हात पट्टीमागे गेला. मी स्विच पाडला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

पप्पा ओरडले नाहीत. त्यांनी उजव्या हाताने डावा मनगटाशी धरला आणि खाली बसले. भुसा लाल झाला. काकांनी डोक्याचा पंचा सोडून गुंडाळला. मोटारसायकलवर पप्पा मध्ये, मी मागे. नारायणगावातून गाडी करून पुण्याला. पहिली दोन बोटं मुळापासून गेली. अंगठा राहिला, पण वरचं पेर गेलं.

दवाखान्यात काकांनी विचारलं, "मिस्तरी, झालं काय वो? तुमचा हात असा कधी चुकला नाय."

पप्पा छताकडे बघत होते. मग म्हणाले, "गाठ व्हती लाकडात. पट्टी उडाली."

मी कॉटच्या पायाशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पट्टीत गाठ नव्हती. ती त्यांनी स्वतः निवडली होती, सकाळी उन्हात धरून, दोन्ही अंगांनी बघून.

काकांचा चेहरा तेव्हा जो पडला तो पुढे सहा महिने तसाच राहिला. भावांनी त्यांना सांगितलं, बापाचं झाड तोडलंस, ते कुणाचा तरी हात घेणारच होतं. काकांनी घराचं काम थांबवलं. बाजाराच्या दिवशी ते आमच्याकडे यायचे. कधी तांदूळ, कधी नाचणी, एकदा कोंबडी घेऊन. ओट्यावर बसायचे आणि पप्पांच्या हाताकडे न बघता म्हणायचे, "माज्या लाकडानं घात केला." पप्पा म्हणायचे, "नशीब, पावणं. तुमचा काय दोष." आई तो तांदूळ शिजवायची आणि आम्ही तो भात खायचो. चांगला तांदूळ होता. मला तो गिळायला वेळ लागायचा.

लोक यायचे. पप्पा सगळ्यांना तेच सांगायचे. सांगता सांगता गाठ मोठी होत गेली. आधी नुसती गाठ होती, मग काळी गाठ झाली, मग आतून दगडासारखी. ऐकणारे चुकचुकायचे. "लाकूड कुनाला सांगून फिरत न्हाई. मिस्तरी काय करंल?" कुणीच म्हटलं नाही की मिस्तरी चुकला. हे माझ्यासाठी चाललंय असं मला वाटायचं. मशीन मी टांगलं, पुस्तिका मी वाचली, स्विच मी दाबला. ते मला वाचवत आहेत. मी गप्प राहिले की त्यांचं ऐकल्यासारखं होतं, असंही मी स्वतःला सांगायचे. मी गप्प राहण्यासाठी कायम कारण शोधून ठेवते.

दिवाळीनंतर काका आले तेव्हा त्यांच्याबरोबर टेम्पो होता.

"राहिलेलं लाकूड न्यायला आलोय," ते म्हणाले. "होळीला घालणार. दार म्हनून लावणार नाय. ज्या लाकडानं मिस्तरीचा हात घेतला त्या दारातनं मी आत-बाहेर कसा करू?"

पप्पा म्हणाले, "आसं करू नका."

"न्हाई, ठरलं. भाऊ म्हणत्यात ते खरं. म्हाताऱ्यानं लावलं व्हतं, मी तोडायला नको व्हतं." त्यांचा आवाज फुटला. साठ वर्षांचा माणूस आमच्या ओट्यावर तोंडाला टॉवेल लावून बसला.

पप्पा रस्त्याकडे बघत होते. ते काही बोलतील म्हणून मी थांबले.

मी म्हणाले, "काका, गाठ नव्हती."

आई चहा घेऊन येत होती, ती उंबऱ्यात थांबली.

"पट्टी उजवीकडून घालायला पाहिजे होती. पप्पांनी डावीकडून घातली. मशीन उलटं होतं. पुस्तकात लिहिलं होतं. मला आदल्या दिवशी कळलं होतं, मी सांगितलं नाही." एवढं मी एकदम बोलले. इतक्या लोकांसमोर, म्हणजे तिघांसमोर, मी एवढं कधी बोलले नव्हते.

काकांनी टॉवेल खाली घेतला. "खरं का वो, मिस्तरी?"

पप्पा म्हणाले, "पोरगी म्हणती तसं आसंल."

काका उठून शेडमध्ये गेले. ती पट्टी कोपऱ्यात तशीच उभी होती. कुणी हात लावला नव्हता. त्यांनी ती बाहेर उन्हात आणली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी पाहिली. नंतर हात फिरवला. बराच वेळ ते गाठ शोधत होते. मला वाटतं, मिळावी अशीच त्यांची इच्छा होती.

"सा म्हयने मी झोपलो नाय, मिस्तरी," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

पप्पांनी मान हलवली.

काकांनी लाकूड टेम्पोत भरलं. मी मदत करायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ताई." त्यांनी चहा घेतला नाही. ते परत आले नाहीत. त्यांचं दार घोडेगावच्या एकाने केलं, असं आईला बाजारात कळलं.

आणि आईला बाजारात आणखीही कळलं. शिनोलीपासून घोडेगावपर्यंत आणि तिथून इकडे, जिथे जिथे पप्पांनी दारं बसवली होती तिथे गोष्ट फिरली. मिस्तरीने लाकूड उलटं घातलं. तीस वर्षांच्या मिस्तरीला दिशा कळली नाही. पोरगी सांगणार होती, तिला बोलू दिलं नाही, असंही कुणीतरी जोडलं. जी माणसं चुकचुकत होती ती आता हसत होती. आईने हे घरी सांगितलं नाही. पप्पांना ते केस कापायला गेले तिथे ऐकायला मिळालं. अर्धे केस कापून झाल्यावर उठून येता येत नाही. ते पूर्ण ऐकून आले.

त्या दुपारी मी त्यांच्यासमोर जेवायचं ताट ठेवलं. ते ताटाकडे बघत म्हणाले, "हात गेला तवा बी मी मिस्तरीच व्हतो."

एवढंच म्हणाले आणि जेवले.

मग मला कळलं की गाठ माझ्यासाठी नव्हती, किंवा नुसती माझ्यासाठी नव्हती. तेवढं एक त्यांच्याकडे उरलं होतं. काका रात्रंदिवस जळत होते आणि त्यांना ते सांगणं भाग होतं, हे मला आजही तसंच वाटतं. तरी पप्पांची शेवटची वस्तू मी गिऱ्हाइकासमोर काढून दिली. आणि जे शनिवारी संध्याकाळी ओट्यावर चार शब्दांत, कुणीही नसताना, फुकट सांगता आलं असतं, ते मी असं सांगितलं.

गोदामाच्या वॉचमनची जागा तोपर्यंत भरली होती. पप्पा आता ओट्यावर बसतात.

मी लॅब सोडली नाही. सकाळी जायच्या आधी दोन तास आणि रविवारी मी टेबलावर काम करते. जुन्नरचा एक सुतार बिडिंगच्या पट्ट्या पाठवतो, मी गोलाई पाडून देते. फळ्यावर, स्टिकरच्या चौकोनाच्या वर, मी लाल रंगाने बाण काढला आहे. उजवीकडून डावीकडे. पप्पांनी एकदा दारातून तो पाहिला.

"कुणासाठी काढलास?"

"माझ्यासाठी."

ते परत जाऊन बसले.

महिनाभर ते शेडमध्ये आले नाहीत. मग एका रविवारी मशीन चालू असताना मला डाव्या बाजूला सावली दिसली. ते मागून आले नव्हते. शेडला वळसा घालून पुढच्या दाराने आले होते, मला दिसतील असे. पट्टी पात्यावरून पुढे सरकत होती, तिचं टोक टेबलाच्या बाहेर लोंबायला लागलं, तेव्हा त्यांनी ते डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांवर अलगद पेललं आणि माझ्या वेगाने मागे मागे सरकले. मी काठीने शेवटपर्यंत ढकललं आणि स्विच पाडला.

त्यांनी पट्टी उजेडात धरली. अंगठा गोलाईवर ठेवला आणि थोडा सरकवला. त्या अंगठ्याला आता नख नाही. मग त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरली.

मी नख फिरवलं.

"अडाकलं?"

"थोडं. मधे."

"नापास," ते म्हणाले. "परत घाल."

मी पट्टी घेऊन उजव्या बाजूला गेले. ते डाव्या बाजूला, पट्टी बाहेर येईल तिथे उभे राहिले.